वजनकाट्यावरचे बाइट उलटे कसे वाचावेत

लातूर, धाराशिव, बीड किंवा परभणीकडच्या एखाद्या साखर कारखान्याने वजनकाट्याचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम तुमच्यावर सोपवले असेल, तर सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. इंडिकेटरकडून, म्हणजे काट्याचा आकडा दाखवणाऱ्या पेटीकडून, वजन घ्यायचे, ते संगणकात साठवायचे आणि पावतीवर छापायचे, एवढेच काम असल्याचे तुम्हाला सांगण्यात आले असेल. त्यावर पूर्ण विश्वास ठेवावा. वजन हा एक पूर्णांक आहे आणि तो दोन बाइटांत येतो. त्या दोहोंपैकी आधी कोणता आणि नंतर कोणता, असे विचारणारा मनुष्य कामात खोडा घालतो, ही धारणा पहिल्या दिवसापासून पक्की केली की पुढचे सारे आपोआप घडत जाते.

तरीही कोणी विचारलेच तर उत्तर देता यावे, म्हणून थोडी माहिती जवळ असू द्यावी. एका बाइटात आठ बिट, म्हणजे ० ते २५५ एवढेच मावते, त्यामुळे त्याहून मोठ्या संख्येचे तुकडे करावे लागतात. मोठ्या किमतीचा तुकडा आधी ठेवणाऱ्या रचनेस बिग-एंडियन म्हणतात आणि लहान किमतीचा आधी ठेवणारीस लिटल-एंडियन. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० ही तारीख घालून लिहिलेल्या एका टिपणामुळे ही नावे रूढ झाली. तारीख पाहता हा सगळाच प्रकार थट्टेचा असावा, असे समजून पुढे जाण्यास हरकत नाही. आयबीएमच्या सिस्टिम/३६० यंत्रांनी आणि मोटोरोलाच्या ६८००० प्रोसेसरने पहिली रीत धरली, इंटेलने दुसरी, आणि इंटरनेटच्या प्रोटोकॉलांनी पुन्हा पहिली. पीडीपी-११ या यंत्रावर तर ३२ बिटांच्या संख्येचा मोठा अर्धा भाग आधी ठेवला जाई, पण त्या अर्ध्या भागातला लहान बाइट मात्र पुढे येई. या यंत्राला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही, कारण ‘एकशे पंचवीस’ म्हणताना आपण आधी शंभर, मग पाच आणि शेवटी वीस उच्चारतो, आणि लिहिताना निमूटपणे १२५ लिहितो.

आता काट्याकडे वळू. समजा, ऊस भरलेला ट्रक काट्यावर आला आणि वजन भरले २०,००० किलो. ही संख्या ७८ आणि ३२ अशा दोन बाइटांत येते, कारण ७८ गुणिले २५६ अधिक ३२ म्हणजे २०,०००. हेच बाइट उलटे वाचले की ३२ गुणिले २५६ अधिक ७८, म्हणजे ८,२७० किलो होतात. हे यश कमी लेखू नये. जायकवाडी धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १,५२२ फूट असते; हाच प्रयोग तिथे केला तर ती ६१,९५७ फूट, म्हणजे एव्हरेस्टच्या दुपटीहून उंच दिसते, आणि संख्या ऋण-धन चिन्हासह वाचली तर समुद्रसपाटीच्या खाली ३,५७९ फूट. असले आकडे पैठणचे शाळकरी पोरही पकडते. ८,२७० किलो मात्र कोणाच्याही डोळ्यांत खुपत नाही. ऊस उतरवून परतलेल्या रिकाम्या ट्रकचे खरे वजन ८,००० किलो असेल, तर तुमच्या पडद्यावर तो १६,४१५ किलो भरेल आणि वजाबाकी होऊन पावतीवर निव्वळ ऊस उणे ८,१४५ किलो छापला जाईल. बारा टन ऊस घालणारा शेतकरी अशा रीतीने कारखान्याला आठ टन ऊस देणे लागेल, आणि एफआरपीच्या, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराच्या, थकबाकीचा जुनाट प्रश्न एका पावतीत निकाली निघेल.

प्रत्येक वेळी शेतकऱ्याचेच नुकसान होते असा गैरसमज नको. १८,००० किलोचा ट्रक २०,५५० किलो दाखवतो, आणि त्या खेपेची तक्रार घेऊन कोणीही येत नाही, हे ध्यानात घ्यावे. त्याहून मौज म्हणजे, मोठ्या बाइटाच्या जागी लहान बाइट गेल्यामुळे काट्यावर दहा किलो वाढले की पडद्यावर २,५६० किलो वाढतात. आपल्या २०,००० किलोच्या ट्रकमधून साठ किलोचा क्लीनर खाली उतरला, तर ८,२७० किलोचा ट्रक त्याच क्षणी ५८,४४५ किलोचा होईल. क्लीनरने चढावे की उतरावे, याचे धोरण मग शेतकी विभागाने ठरवावे. काटामारीचा आरोप घेऊन कार्यकर्ते गेटवर आले, तर त्यांना थेट इंडिकेटरपाशी न्यावे, कारण त्यावरचा आकडा शंभर टक्के बरोबर असतो.

चाचणीविषयी हयगय करू नये. चाचणी अवश्य घ्यावी, पण आकडे निवडून घ्यावी. रिकामा काटा शून्य दाखवतो आणि शून्य कोणत्याही बाजूने वाचले तरी शून्यच राहते, म्हणून अर्धी चाचणी तिथेच उत्तीर्ण होते. संचालक मंडळापुढील प्रात्यक्षिकासाठी १७,९९० किलोचा ट्रक उभा करावा. ७० गुणिले २५६ अधिक ७०, असे त्याचे दोन्ही बाइट सारखेच असल्यामुळे तो सरळ वाचा की उलटा, पडद्यावर १७,९९० च येणार. दोन बाइटांत मावणाऱ्या ६५,५३६ संख्यांपैकी अशा गुणी संख्या केवळ २५६ आहेत. त्यामुळे निवड काळजीपूर्वक करावी.

काही इंडिकेटर वजन बाइटांत न पाठवता सरळ अक्षरांत पाठवतात, म्हणजे दोन, शून्य, शून्य, शून्य, शून्य अशी पाच चिन्हे एकामागोमाग येतात आणि क्रमाचा वादच उरत नाही. असला इंडिकेटर मिळाला तर तो जुनाट असल्याचा शेरा मारून परत पाठवावा.

प्रत्यक्ष प्रोग्राम लिहिताना ‘आकडा कोणत्या क्रमाने आला आहे?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये. त्याचे उत्तर इंडिकेटरच्या माहितीपुस्तिकेत एका ओळीत असते, आणि ते एकदा कळले की पहिला बाइट आठ बिट डावीकडे सरकवून, म्हणजे २५६ ने गुणून, त्यात दुसरा मिळवावा, अथवा उलट, एवढेच काम उरते. ती एक ओळ इंटेलवर, मोटोरोलावर आणि आयबीएमवर सारखीच चालते. तुमचे यंत्र कोणत्या पंथाचे आहे हे तिला ठाऊक असण्याची गरजच नसते. जीसीसी आणि क्लँग यांसारखे आजचे कंपाइलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारी साधने, तर चार बाइटांसाठीची अशी सरकवासरकव ओळखून ती बहुधा एक-दोन सूचनांत बसवतात; बाइट उलटण्याची स्वतंत्र सूचना इंटेलच्या ४८६ पासून प्रोसेसरमध्येच आहे. मग विद्वत्ता दाखवायची कुठे? म्हणून ‘माझे यंत्र कोणते?’ हाच प्रश्न विचारावा. तो फाइलीच्या माथ्यावर विचारावा, मध्ये विचारावा, प्रत्येक फंक्शनात विचारावा, आणि प्रत्येक उत्तरासाठी मॅक्रोंची, म्हणजे कंपाइलरला दिलेल्या अटींची, वेगळी फांदी काढावी. त्यांतल्या निम्म्या फांद्या तुमच्या लॅपटॉपवर कधीच चालणार नाहीत, म्हणजेच त्यांत दोषही कधी सापडणार नाही.

मेमरीतल्या बाइटांच्या पत्त्यावर थेट पूर्णांकाचा पॉइंटर ठोकून, म्हणजे तिथे अख्खा पूर्णांकच आहे असे यंत्राला सांगून, वाचणे हा आणखी जलद मार्ग. पत्ता सम आहे की विषम, याची काही प्रोसेसरांना फार पर्वा असते आणि ते जागीच थांबतात. पण तो हार्डवेअरचा दोष म्हणून कळवता येतो.

यंत्राचा बाइटक्रम नेटवर्कच्या क्रमात आणि परत बदलणारी तयार फंक्शने, म्हणजे एचटीओएनएल, एनटीओएचएल आणि त्यांची दोन धाकटी भावंडे, ही तर मोकळ्या हाताने वापरावीत. इंटेलच्या यंत्रावर जाताना आणि येताना बाइट सारखेच उलटतात, त्यामुळे कोणते नाव लिहिले याने काही बिघडत नाही आणि पुढे वाचणाऱ्याला तुमचा हेतू कधीच कळत नाही. पोर्टचा, म्हणजे संगणकावरच्या नेटवर्कच्या दाराचा, क्रमांक १६ बिटांचा असतो, तरी त्याला ३२ बिटांचे फंक्शन लावावे. ८० या पोर्टचे त्यामुळे शून्य होते. काहीच न लावल्यास २०,४८० होते, तेही वाईट नाही. शंका आली तर फंक्शन दोनदा लावावे. बाइट दोनदा उलटून मूळ जागी येतात, आणि परिवर्तन केल्याचे समाधान मात्र दुप्पट मिळते.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या कारखान्यात वीजमीटर वाचण्याचे काम मिळाले, तर तुमचे भाग्य आणखी थोर. तिथे मॉडबस भेटतो. हा १९७९ चा प्रोटोकॉल १६ बिटांच्या रजिस्टरमधला, म्हणजे आकड्याच्या एका कप्प्यातला, मोठा बाइट आधी पाठवतो, हे निश्चित आहे, पण ३२ बिटांच्या संख्येची दोन रजिस्टरे कोणत्या क्रमाने यावीत हे त्यात ठरवलेले नाही. ते प्रत्येक मीटरवाल्याने आपापल्या मर्जीने ठरवले आहे, आणि काहींनी रजिस्टरातले बाइटही उलटे ठेवले आहेत. म्हणजे चार प्रकार झाले. पुस्तिका उघडण्याऐवजी चारही आळीपाळीने लावून पाहावेत आणि ज्याने वीजबिल सर्वांत कमी येईल तो कायम करावा. व्यवस्थापन या क्रमाला कधीही विरोध करत नाही.

साठवणुकीचे एकच पथ्य आहे: कोणत्या क्रमाने लिहिले, हे कुठेही लिहू नये. टिफ नावाचा चित्राचा प्रकार फाइलीच्या पहिल्या दोन बाइटांत इंटेलचा ‘आय’ किंवा मोटोरोलाचा ‘एम’ दोनदा लिहून आपले गुपित उघडे करतो, तसला भोळेपणा आपल्याला परवडणारा नाही. आपण मेमरीतले स्ट्रक्चर, म्हणजे एका नोंदीचा सगळा गठ्ठा, जसेच्या तसे, मधल्या रिकाम्या बाइटांसह, फाइलीत ओतावे.

गाळप हंगामाच्या मध्यात चूक कोणाच्या तरी लक्षात येईल, बहुधा एखाद्या चिटबॉयच्या, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या. त्या वेळी घाबरून जिथे बाइट वाचले जातात तिथे हात घालू नये. अहवाल छापणाऱ्या भागात एक उलटापालट टाकावी, म्हणजे आजवरच्या नोंदी सरळ दिसतील. मग पुढच्या आठवड्यात, कोणी फारच मागे लागले तर, वाचणारा भागही दुरुस्त करावा, म्हणजे नव्या नोंदी अहवालात उलट्या दिसू लागतील. त्यावर उपाय म्हणून अहवालात तारखेची अट घालावी: अमुक दिवसाच्या आधीच्या नोंदी उलटाव्यात, नंतरच्या उलटू नयेत. ती तारीख फक्त तुम्हालाच ठाऊक असावी. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, तुम्ही पुण्याला हिंजवडीत रुजू झालेले असाल, आणि इकडे तुमच्या जागी आलेला नवा मुलगा उणे वजनाच्या पावत्या समोर पसरून तुम्हाला फोन लावेल. त्याच्याशी प्रेमाने बोलावे, कोणता लॅपटॉप वापरतोस म्हणून विचारावे, आणि ‘आमच्या वेळी तर बरोबर येत होतं’ एवढे सांगून फोन ठेवावा.