ट्रॅकचे टायर तुमच्या गाडीला का बसवले नाहीत: एका स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. मित्राच्या गाडीला आहेत तसे, जेमतेम खाचा असलेले शर्यतीच्या ट्रॅकचे टायर तुम्ही मागितले आणि आम्ही ते बसवायला नकार दिला. १९ इंची रिम घालायचे होते, त्यालाही आडकाठी केली. मग जे ‘साधे’ टायर गळ्यात मारले त्यांनी स्टिअरिंग ढिलं झालं आणि दुसऱ्याच दिवशी पावसात गाडी वळणावर घसरली, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय इथे काम कमी आणि ज्ञान पाजळणं जास्त, असंही. गाडी घसरल्याचं वाचून काळजी वाटली. तुम्हाला इजा झाली नाही आणि गाडीलाही ओरखडा नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकी मुद्द्यांवर सविस्तर लिहितो, कारण जोरकस गाड्या चालवणारे बरेच जण हेच प्रश्न घेऊन येतात.

आधी घसरण्याचं. नवा टायर साच्यातून निघतो तेव्हा वरून गुळगुळीत असतो आणि साच्याला चिकटू नये म्हणून वापरलेल्या द्रव्याचा पातळ थर त्याच्यावर राहिलेला असतो. तो रस्त्यावर घासून जाईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले ३०० किमी, पूर्ण ग्रिप मिळत नाही. ओल्या रस्त्यावर तर ती धरूनच चालायची नाही. गाडी ताब्यात देताना हे सांगितलं होतं, बिलावरही लिहिलं होतं. तुम्ही घसरलात तो दुसरा दिवस होता आणि रस्ता ओला होता. त्या जागी ट्रॅकचा टायर असता तर त्याचंही पहिले काही किलोमीटर हेच झालं असतं, वर पाणी काढायला खाचा कमी.

स्टिअरिंग ढिलं वाटतंय तेही नवेपणाचंच. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिमी खोल असतात, त्यामुळे रबराचे ठोकळे उंच असतात आणि वळताना किंचित वाकतात. तुमचे जुने टायर झिजून सपाट झाले होते, ठोकळे वाकायला उंचीच उरली नव्हती. तुमच्या हाताला त्या झिजलेल्या टायरची सवय आहे. काही हजार किलोमीटरनंतर हेच टायर आणखी नेमके वाटू लागतील.

आता मूळ भांडण. तुमच्या मित्राच्या गाडीला जे टायर आहेत त्यांची कोरड्या, तापलेल्या ट्रॅकवरची पकड आम्ही दिलेल्या टायरपेक्षा जास्त आहे. यात दुमत नाही, दुकानातही मी हेच म्हणालो होतो. पण ते रबर तापल्याशिवाय चिकटत नाही. ट्रॅकवर लागोपाठ जोरात वळणं आणि जोरात ब्रेक यांमुळे ते तापतं आणि तापलेलं राहतं. रस्त्यावर तुम्ही सिग्नलला थांबता, गर्दीत रांगता, मग एखादं मोकळं वळण मिळतं, तोवर टायर पुन्हा गार झालेला असतो. तुमच्या मित्राला जी पकड ट्रॅकवर मिळते ती तुम्हाला घरून निघाल्यावर पहिल्या वळणावर मिळणार नाही.

आणि पाणी. हे मी कागदावर मांडून दाखवत होतो तेव्हा तुमचा फोन आला आणि ते अर्धवट राहिलं, म्हणून इथे पूर्ण करतो. २२५ मिमी रुंद टायर ताशी ८० किमी वेगाने ३ मिमी पाण्यावरून जातो, तेव्हा त्याला दर सेकंदाला सुमारे १३ ते १५ लिटर पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं. एक टायर, एक सेकंद. हे पाणी जायला दोनच वाटा: बाजूला फेकलं जाणं, नाहीतर खाचांतून मागे निघणं. ते वेळेत निघालं नाही तर टायरपुढे पाण्याची पाचर तयार होते, टायर तिच्यावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी टायर रस्त्याला टेकलेलाच नसतो, मग रबर कितीही चिकट असून काय उपयोग? ट्रॅकच्या टायरच्या खाचा बहुधा नव्यातच कमी खोल असतात आणि कडेला तर जवळपास नसतातच. टायर रुंद झाला की पाणीही जास्त सारावं लागतं. तुमची गाडी रोजची आहे, मागच्या सीटवर मुलांची बसायची खुर्ची लावलेली मी पाहिली. पाऊस कधी येईल हे तुम्ही ठरवत नाही, म्हणून रोजच्या गाडीला मी आधी ओल्या रस्त्यावरची पकड पाहून टायर सुचवतो आणि कोरड्यावरचा वेग नंतर बघतो. यावर मी ठाम आहे.

आम्ही दिलेले टायर ‘साधे’ नाहीत. ते रस्त्यावरच्या स्पोर्टी गाड्यांसाठीच बनवलेले उन्हाळी परफॉर्मन्स टायर आहेत. यांच्या रबरात सिलिका असते आणि ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती बरीचशी तिच्यामुळे. टायरवरच्या युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी असते. तुम्हाला मी तीच आधी दाखवली. या जातीच्या टायरची एक अडचण मात्र आहे: पारा ७ अंशांखाली उतरला की रबर कडक होऊ लागतं. तुमचा कडाक्याच्या थंडीत गाडी काढायचा बेत असेल तर आधी कळवा, त्यासाठी वेगळा टायर लागतो.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती हळू झिजतो याचा आकडा लपवला, असाही तुमचा आरोप आहे. तो आकडा टायरच्या कडेवर कोरलेलाच असतो, कोणालाही वाचता येतो. लहान आकडा म्हणजे जास्त पकड हा हिशेब मात्र कच्चा आहे. ही अमेरिकी पद्धत. टेक्सासमधल्या सुमारे ६४० किमीच्या ठरलेल्या फेरीवर टायर एकूण ११,५०० किमीच्या आसपास पळवतात, प्रमाण टायरशी त्याची झीज ताडून बघतात आणि शेवटी आकडा कंपनी स्वतःच देते. एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो थोडाफार उपयोगी, दोन कंपन्यांमध्ये फारसा नाही. शेजारी ‘एए’ किंवा ‘ए’ लिहिलेलं असतं ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून मोजलेलं असतं, वळणाबद्दल ते काहीच सांगत नाही.

१९ इंची रिमचं थोडक्यात. तुमच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरचं माप २२५/४० आर १८ आणि पुढे ९२ वाय लिहिलंय. वाय ही वेगाची श्रेणी आणि ९२ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरने ६३० किलो पेलायचे. तुम्ही फोनवर दाखवलेल्या २३५/३५ आर १९ टायरवर ८७ होता, म्हणजे ५४५ किलो. प्रत्येक चाकामागे ८५ किलो कमी. चार माणसं आणि सामान घेऊन तुम्ही खड्ड्यात गेलात तर तो टायर काय करेल याची खात्री मी देऊ शकत नाही. वर साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांमधली टायरची उंची, ९० मिमीवरून ८२ वर येते, म्हणजे रिम वाकायची भीतीही वाढली. दिसायला १९ इंची छान दिसतात, मलाही आवडतात. पण भाराचा आकडा कमी असलेला टायर मी कुणाच्याच गाडीला चढवत नाही.

दोन तास बसवून ठेवलं असंही तुम्ही लिहिलंय, ते खरं आहे. तुमचे जुने पुढचे टायर उतरवले तेव्हा बाहेरची कड ठीक होती आणि आतली कड अशी खाल्ली होती की रबराखालचे धागे दिसत होते. उभ्या गाडीत ते दिसत नाही, खाली वाकूनही पटकन लक्षात येत नाही. टायरवरून एका दिशेने हात फिरवला तर गुळगुळीत, उलट्या दिशेने फिरवला तर करवतीसारखं टोचायचं. टो बिघडल्याची, म्हणजे चाकं सरळ न राहता किंचित आत किंवा बाहेर वळल्याची ही खूण. तुम्हाला बोलावून तो हात मी फिरवायला लावला होता. टायरवर १४१७ कोरलेलं होतं, म्हणजे २०१७ सालच्या १४ व्या आठवड्यातला माल. तशाच गाडीवर नवे टायर चढवून दिले असते तर तुम्ही अर्ध्या तासात मोकळे झाला असता आणि नव्यांच्याही आतल्या कडा तशाच गेल्या असत्या. वेळ अलाइनमेंटला, म्हणजे चाकं पुन्हा सरळ रेषेत आणायला लागला.

आता पुढचं. ३०० किमी झाले की गाडी घेऊन या, शक्यतो सकाळी, टायर गार असताना. मित्राच्या सांगण्यावरून तुम्ही हवा कमी ठेवली असेल तर ती आधी स्टिकरवरच्या आकड्याला आणा. हवा कमी असली की टायर वळणावर कडेवर लोळतो आणि स्टिअरिंग ढिलं लागायला तेही एक कारण होतं. आम्ही चारही टायरची खोली आतून, मधून, बाहेरून मोजून तुम्हाला लिहून देऊ आणि मग तुम्ही, मी गाडीत बसून एक चक्कर मारू. त्या वळणावर काय झालं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

ट्रॅकवर जायची तुमची हौस खरी असेल तर त्याचाही रस्ता आहे. १८ इंची रिमचा दुसरा सेट घ्या, त्यावर ट्रॅकचे टायर मी स्वतः चढवून, बॅलन्स करून देईन. ट्रॅकच्या दिवशी ते लावा, परतीला हे लावा. रिम विकत घेण्याआधी ऑफसेट (रिम बसायची जागा तिच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते) आणि मधल्या भोकाचं माप मला कळवा, ते जुळलं नाही तर रिम ब्रेकला किंवा सस्पेन्शनला घासेल. आणि आता बसवलेल्या चाकांचे नट ५०-१०० किमीनंतर टॉर्क रेंचने (नट ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचे असतात. ते अजून राहिलंय, त्यासाठी ३०० किमी व्हायची वाट बघू नका, या आठवड्यातच चक्कर टाका.