मायक्रोवेव्हचा फॉरवर्ड आणि आत्याचा श्रीखंडाचा डबा

दर दोन-चार महिन्यांनी तो आमच्या फॅमिली ग्रुपवर फिरून येतो. यावेळी आत्याने टाकला, वर तीन लाल उद्गारचिन्हं लावून. मजकूर थोडक्यात असा: मायक्रोवेव्हमध्ये अन्न किरणोत्सर्गी होतं आणि कॅन्सर होतो, अन्नातलं सत्त्व मरतं, म्हणूनच रशियाने १९७६ साली त्यावर बंदी घातली. शेवटी घरगुती चाचणी: मोबाइल ओव्हनमध्ये ठेवा, दार लावा, फोन लावा. रिंग वाजली तर ओव्हन गळतोय, भंगारात काढा.

आत्याचा ओव्हन मी चांगला ओळखतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

‘रेडिएशन’ म्हटलं की आपल्याला थेट हिरोशिमा आठवतं. सगळा घोळ त्या शब्दाचा आहे. उजेड हेही रेडिएशनच. ओव्हनमधल्या लहरींची कंप्रता २.४५ गिगाहर्ट्‌झ असते आणि घरातलं वायफायही त्याच्या आसपासच चालतं. म्हणजे फॉरवर्ड ज्या लहरींवर बसून आला, त्याच जातीच्या लहरींना तो शिव्या घालतोय! फरक ताकदीचा. राउटरची ताकद वॉटच्या एखाद्या हिश्शाएवढी, ओव्हनची ७००-९०० वॉट, म्हणून त्या लहरी पत्र्याच्या पेटीत कोंडलेल्या असतात. पण अणूतून इलेक्ट्रॉन उपटायचा जोर त्यांच्यात नाही. ट्यूबलाइटच्या उजेडाच्या एका कणात यांच्या एका कणाच्या साधारण २ लाख पट ऊर्जा असते. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना घुसळतात, त्यातून उष्णता निघते, बस. दिवा मालवल्यावर ताटातल्या भातात उजेड साठून राहत नाही, तशाच ओव्हन थांबल्यावर या लहरीही राहत नाहीत.

सत्त्वाचं म्हणाल तर ते उष्णतेने जातं, मग ती गॅसची असो की ओव्हनची. क जीवनसत्त्व तर पाण्यातही उतरतं. पालक पातेलंभर पाण्यात उकळून ते पाणी मोरीत ओतणाऱ्यांनी ओव्हनला नावं ठेवू नयेत. तिथे पाणी कमी लागतं, वेळही कमी, त्यामुळे बऱ्याचदा सत्त्व जास्तच टिकतं.

रशियाच्या बंदीला काडीचा पुरावा नाही. सोव्हिएत काळात कामगारांसाठी या लहरींच्या मर्यादा अमेरिकेपेक्षा फार कडक होत्या, हे खरं. कदाचित त्यातूनच ही कंडी पिकली असावी. पण १९८०च्या दशकात तिथले कारखाने स्वतःच मायक्रोवेव्ह बनवत होते.

मोबाइलची चाचणी मात्र मला सगळ्यात खटकते, कारण ती शास्त्रीय वाटते. मोबाइलला टॉवरचा अगदी मरतुकडा सिग्नलही पुरतो. पेटीने तो हजार पटीने कमी केला तरी रिंग वाजू शकते. शिवाय दाराची रचना २.४५ गिगाहर्ट्‌झ अडवण्यासाठी बेतलेली असते, मोबाइल ज्या कंप्रतांवर चालतो त्यातल्या बऱ्याच वेगळ्या. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटीमीटर लांब, ती त्यातून निसटणार कुठून? सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवर गळती दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉटपेक्षा जास्त चालत नाही, आणि जरा मागे सरकलं की तीही झपाट्याने घटते. तपासायचंच तर दार तपासा. बिजागरी वाकलीय का, जाळी फाटलीय का, कडेला जळकट काळं धरलंय का. दार उघडल्यावरही ओव्हन चालूच राहिला तर प्लग काढा आणि जाणकार माणूस बोलवा. ओव्हनचं बाहेरचं पत्र्याचं आवरण स्वतः उघडू नका. आतला वीज साठवणारा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा धक्का देऊ शकतो. आणि हो, मोबाइल आत असताना घरातल्या पोराने ‘स्टार्ट’ दाबलं तर काय होईल, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

ओव्हनने इजा होतच नाही असं मी म्हणत नाही. माझ्या उजव्या अंगठ्याखाली डाग आहे. काचेच्या गुळगुळीत मगात पाणी तापवलं होतं. एक बुडबुडा नाही, वाफ जेमतेम. वाटलं, अजून पुरतं तापलं नाही. चमचाभर कॉफी टाकली आणि अख्खा मग फसफसून हातावर आला. पाणी उकळबिंदूच्या वर गेलं होतं, पण बुडबुडा धरायला जागाच नव्हती, ती कॉफीने दिली. तेव्हापासून मी तापवण्याआधीच मगात लाकडी काडी टाकतो आणि नंतर अर्धा मिनिट हात लावत नाही. कवचासकट अंड्याचंही तेच, वाफेला वाट नाही मिळाली की फुटतं.

दुसरा धोका असमान तापण्याचा. फिरती काच काढून उडदाचा पापड आत ठेवून बघा. काही ठिकाणी पांढरे फुललेले डाग, मधेच कच्चे पट्टे. लहरी आत एकमेकींवर आदळून कुठे जोर धरतात, कुठे विरतात. तान्ह्या बाळाचं दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये ते याचमुळे: बाटली हाताला कोमट लागते आणि आतल्या एखाद्या घोटाने तोंड पोळतं. शिळा भात, रस्सा मधेच ढवळून, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करायचा.

आता आत्याचा श्रीखंडाचा डबा. रिकामा झाल्यावर धुऊन ठेवलेला, गेली कित्येक वर्षं आमटी-रस्सा त्यातच गरम होतो. आतल्या बाजूला, तवंग टेकायचा तिथे, एक नारिंगी वर्तुळ पडलंय आणि तिथलं प्लास्टिक बोटाला खरखरीत लागतं. पाणी सहसा शंभर अंशांपाशी थांबतं, तेल थांबत नाही. तो डबा थंडगार श्रीखंडासाठी बनवलेला, त्या तेलासाठी नाही. मेलामाइनच्या प्लेटाही नकोत, त्या स्वतःच तापतात. साधी काच किंवा सोनेरी कड नसलेली चिनी माती घ्यावी.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. आत्याने अंगठा दाखवला. रविवारी तिच्याकडे गेलो तर रस्सा काचेच्या वाडग्यात गरम झाला. डबा टाकलेला नाही. त्यात आता मेथीदाणे आहेत.