'टाकलं' हा शब्द आधी घरातून काढा

परवा ताईचा व्हिडीओ कॉल आला. इथं लीड्समध्ये दुपार, तिकडं कोल्हापुरात दिवेलागण, मागं राजारामपुरीतल्या घराचा तोच हिरवा पडदा. भाचीला, वय वर्षं 7, शाळेनं फॅमिली ट्री करून आणायला सांगितलेलं. आपण दत्तक आहोत हे तिला अगदी लहानपणापासून माहिती आहे, त्याबाबतीत ताई-दाजींना मानलं पाहिजे. पण त्या दिवशी तिनं विचारलं, पोटातल्या आईला कुठल्या फांदीवर काढू? घरात सगळे एकदम चिडीचूप. मग मीच शहाणपणा करायला गेलो (हो, मी बाईच आहे, पण कोल्हापूरच्या बायका 'गेलो'च म्हणतात, 20 वर्षं साहेबाच्या देशात राहून पण ते सुटलं नाही). म्हणलं, बाळा, तुझ्या त्या आईचं तुझ्यावर लई प्रेम होतं, म्हणून तर तिनं तुला मम्मीकडं दिलं.

पोरगी जरा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "मावशी, मम्मीचं पण माझ्यावर लई प्रेम आहे. मग मम्मी मला कुणाला देणार?"

काय उत्तर देणार, सांगा.

हे वाक्य सगळेच बोलतात, चांगल्या मनानंच बोलतात, पण प्रेम आणि देणं असं एकाला एक बांधलं की सात वर्षांच्या डोक्यात त्याचा सरळ अर्थ निघतो, जो प्रेम करतो तो देऊन टाकतो. प्रेम होतं हे एक वाक्य, आणि सांभाळायला परिस्थिती नव्हती हे दुसरं, दोन्ही वेगवेगळी सांगायला पाहिजेत, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

इथं माझ्या ऑफिसातल्या एकीनं मुलगा दत्तक घेतलाय. त्याच्याकडं 'लाईफ स्टोरी बुक' म्हणून एक जाडजूड वही आहे, जन्मलेल्या दवाखान्याचा फोटो, आधी ज्यांच्याकडं राहिला त्यांचे फोटो, आणि आईला का सांभाळता आलं नाही ते साध्या शब्दात. वर्षातून एकदा संस्थेमार्फत आईचं पत्र येतं. म्हणजे इकडं सगळं सोन्यासारखं आहे असं नाही हां. आता इथं दत्तक जाणारी बरीच पोरं सरकारनं हयगय किंवा मारहाण म्हणून घरातून काढून घेतलेली असतात, त्यामुळं 'प्रेमानं दिलं' ही गोष्ट तिथं खरीच नसते. आणि त्याच्या आधीचं म्हणाल तर 1949 ते 1976 मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाआधी आई झालेल्या बायकांची 1 लाख 85 हजारच्या आसपास बाळं दत्तक गेली, त्यातल्या कितीतरी जणींना घरच्यांनी आणि संस्थांनी दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. स्कॉटलंडच्या सरकारनं 2023 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. त्या पोरी कशा होत्या, कुठल्या घरच्या होत्या, गाव काय बोललं, सगळं आपल्यासारखंच.

आता कोल्हापूरचं बघा. दत्तक शब्द आपल्याला काय नवीन आहे का? कागलच्या घाटग्यांच्या घरातले यशवंतराव, 1884 मध्ये आनंदीबाईसाहेबांनी दत्तक घेतलं आणि शाहू महाराज झाले, हे शाळेतलं पोरगं पण सांगतंय. जन्मदात्या आई राधाबाई, महाराज तीन वर्षांचे असतानाच गेल्या, ते पण लपवत नाही कुणी. 2024 च्या लोकसभेला आत्ताच्या महाराजांबद्दल 'दत्तक आलेत, खरे वारसदार न्हवेत' असं प्रचारात बोललं गेलं तर केवढा गदारोळ झाला. मी इथनं बघत होतो, ओळखीचे झाडून सगळे चिडलेले. आणि त्यातल्याच काही जणांनी ताईला विचारलंय, "पण रक्त कुणाचं काय माहीत?"

म्हणजे अडचण दत्तकाची नाहीच. राजघराण्यात पोरगं कुठनं आलं ते सगळ्यांना माहिती असतं, आई इज्जतदार घरातली असते. भाचीच्या बाबतीत आई म्हणजे नाव नसलेली कुणीतरी पोरगी, म्हणून सगळा राग तिच्यावर. आमची आईच, नातीवर जीव टाकणारी, शेजारणीला सांगताना म्हणते, "कुणी टाकलं की गं असलं सोन्यासारखं लेकरू!" नात आतल्या खोलीत ऐकत असते. दिवसभर 'टाकलं' ऐकायचं आणि रात्री झोपताना 'तिचं तुझ्यावर प्रेम होतं', पोरानं कशावर विश्वास ठेवायचा?

आपल्या कायद्यात 'टाकलेलं' आणि 'सुपूर्द केलेलं' हे वेगळं धरलंय. आई बालकल्याण समितीपुढं सही करते, त्यानंतर 60 दिवस तिला विचार बदलायची मुभा असते. पोरगं 18 वर्षांचं झालं की स्वतः अर्ज करून आपला शोध घेऊ शकतं, पण आईचं नाव तिच्या मर्जीशिवाय सांगत नाहीत. मला हे दोन्ही बरोबर वाटतं. आणि ती परत आली नाही म्हणून प्रेम नव्हतं, असा हिशोब कुणी मांडू नये. 60 दिवसात घर थोडंच मिळतंय, बापाचा राग थोडाच उतरतोय.

आठवडाभरानं मी ताईला म्हणलं, गोष्ट रचू नको, देवकी-यशोदा पण नको, दत्तकाच्या फाईलमध्ये आहे तेवढंच वाच. गोदरेजच्या कपाटातनं फाईल काढली. आईचं लग्न झालं नव्हतं, घरचा आधार नव्हता. बाळाचं वजन 2 किलो 100 ग्रॅम. आईनं 11 दिवस अंगावर पाजलं. ताईनं एवढंच वाचलं, मी इकडनं तोंड बंद ठेवून ऐकलं.

भाची म्हणाली, "अकरा म्हणजे किती?" आणि बोटं मोजायला लागली. दोन्ही हात संपले. मग शेजारी बसलेल्या आज्जीचं एक बोट धरलं.