‘हो सनयच वाजयता मरे!’

कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग गेले पंधरा दिवस रोज ऐकतोय. स्टुडिओतलं नाही, भरल्या सभेतलं. मध्येच कुणीतरी खोकतं, मृदंगवाला वादी ठोकून सूर जुळवून घेतो, आणि हा माणूस मांडी घालून, सॅक्सोफोन पुढ्यात धरून कल्याणी राग आळवायला लागतो. कल्याणी म्हणजे आपल्या यमनची सख्खी बहीण. पहिलाच गंधार असा लागलाय की पडवीत बसल्या जागी मी ताठ झालो.

माझा मामा कुडाळजवळच्या गावात देवळात सनई वाजवतो. सत्तरी कधीच उलटली. परवा भर पावसात घरी आला, तेव्हा चहा होईपर्यंत हे लावलं. वाद्य कुठलं ते मुद्दाम सांगितलं नाही. दोन मिनिटं त्याने मान खाली घालून ऐकलं. उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली. मग म्हणाला, "हो सनयच वाजयता मरे! हेच्या घरात कोणतरी सनयवालो आसतलो."

अंगावर काटा आला. कारण गोपालनाथांचे वडील खरोखरच नागस्वरम वाजवायचे, दक्षिणेतल्या देवळांतली ती लांब, भारदस्त सनई. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्याचाच ध्यास घेतला. माणूस मंगळूरकडचा, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरचा, कोकण रेल्वे जिथे संपते त्या बाजूचा.

मामाला जे ऐकू आलं ते किती अवघड आहे बघा. सनईच्या भोकावर उघडं बोट असतं. ते जरा जरा सरकवलं की स्वर घसरत येतो, मींड तिथेच मिळते. सॅक्सोफोनवर बोट आणि भोक यांच्या मध्ये चावी. अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पेटंट घेतलं त्या वाद्यात एका चावीवरून दुसरीवर गेलं की स्वर टप्प्याने बदलतो. मग गमक, म्हणजे स्वराला दिलेला तो झोल, आणायची कुठून? ओठांतून, जबड्यातून, तोंडातल्या रीडच्या पातळ पट्टीवरच्या दाबातून. या रेकॉर्डिंगमध्ये लांबलचक आलाप संपल्यावर घेतलेला श्वास ऐकू येतो, चाव्या मिटल्याची बारीक टकटक ऐकू येते. हेडफोन लावून ऐका, ती सोडू नका.

लोक म्हणतात, त्यांनी परदेशी वाद्य आपलंसं केलं. मला हे कौतुक अपुरं वाटतं. त्यांनी बापाची फुंक त्या पितळेत भरली. १९९४ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१९ च्या ऑक्टोबरात गेले. पण मुळात तो आवाज देवळाच्या दारातला आहे, आणि म्हणूनच मामाने तो ओळखला.

गेल्या जत्रेत पालखी निघाली तेव्हा डीजेच्या भिंतीपुढे मामाची सनई कुणालाच ऐकू गेली नाही. तो वाजवत होता, गाल फुगलेले दिसत होते, एवढंच. मला ते फार लागलंय. यंदा पालखीपुढचा तेवढा वेळ तरी डीजे बंद ठेवा असं गावच्या बैठकीत मी मांडणार आहे, आणि जाताना हे रेकॉर्डिंग सोबत नेणार आहे.

त्या दिवशी चहा निवून गेला तरी मामा उठला नाही. म्हणाला, "ता मगासचा परत लाय बघू, थय तेना दम खय घेतल्यान ता माका बघूचा हा."