तीन वर्षांची अट

पुण्याहून दादाचा, म्हणजे चुलतभावाचा, फोन आला की राजकारण निघतंच. गेल्या रविवारी म्हणाला, "पाचशे रुपयांना मत विकणाऱ्यांना मत हवंच कशाला? टॅक्स भरणाऱ्यांनीच मतदान करावं. नाहीतर दहा वर्षं कडक हुकूमशहा आणावा." वर टोमणा : "तुमच्या फ्रान्सनेही समता-समता करून शेवटी नेपोलियनच आणला ना?"

आणला. दोनदा. पण दुसरा कसा आला, ते दादाने ऐकायला हवं.

१८४८च्या क्रांतीने इथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मत दिलं. (बायका १९४४ पर्यंत ताटकळल्या. बंधुतेत बहिणी नव्हत्या.) त्याच डिसेंबरात नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन जवळपास ७४ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला. पुढे १८५०च्या पोटनिवडणुकांत पॅरिसने डावे निवडून दिले आणि संसदेतली प्रतिष्ठित मंडळी बिथरली. ३१ मे १८५०ला कायदा आला : एकाच ठिकाणी सलग तीन वर्षं राहिल्याचा पुरावा द्या, तरच मत. पुरावा मुख्यतः करभरण्याच्या नोंदीचा. कामामागे फिरणारे मजूर, कारागीर यादीतून गळाले. सुमारे ३० लाख माणसं, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा!

२ डिसेंबर १८५१ला लुई-नेपोलियनने ती संसदच बरखास्त केली. पहाटे भिंतींवर लागलेल्या जाहीरनाम्यात मात्र सगळ्या पुरुषांना मत परत दिलं होतं.

पॅरिसमध्ये मी राहते तिथून जवळच फोबूर सेंत-आंत्वान हा जुना सुतारांचा, कारागिरांचा भाग आहे. बरखास्तीच्या दुसऱ्या दिवशी तिथे विरोधासाठी रस्त्यात रचलेल्या अडथळ्यावर, म्हणजे बॅरिकेडवर, बोदँ नावाचा खासदार गोळी लागून मेला. खासदारांचा रोजचा भत्ता २५ फ्रँक. "तुमच्या पंचवीस फ्रँकांसाठी आम्ही मरायचं?" असं मजुरांनी त्याला त्याआधी सुनावलं, असं सांगतात. गोष्ट नंतर सजवली असेल, राग खोटा नसावा. दक्षिणेतली खेडी उठली, पॅरिसचे बहुतेक मजूर घरी बसले. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला दिलेला इशारा दादा नेहमी ऐकवतो. पण हे मजूर कुणाचे भक्त नव्हते. ज्या संसदेने आपलं मत काढून घेतलं, तिच्यासाठी त्यांना मरायचं नव्हतं, इतकंच.

त्याच महिन्यात या सत्तापालटावर सार्वमत झालं : सुमारे ७४ लाख 'हो', साडेसहा लाखांच्या आत 'नाही'. विरोधक तुरुंगात असताना आलेला आकडा आहे, पूर्ण विश्वास ठेवू नये. वर्षभरात साहेब सम्राट झाले आणि १८७० पर्यंत राहिले.

हे सगळं दादाला सांगितलं. "तीन वर्षांची अट वाईट नाही," म्हणाला. मी विचारलं, सध्या कुठे राहतोस? कोथरूड. त्याआधी? वारजे. दोन्हीकडे अकरा-अकरा महिन्यांचा करार.