प्रार्थना फळाला आली? मग आता पहारा उठवा

अभिनंदन! ज्यासाठी वर्षभर गुडघे झिजवलेत ते अखेर पदरात पडलं. नोकरी म्हणा, मूल म्हणा, मोठ्या दुखण्यातून उठणं म्हणा. चर्चमध्ये साक्ष देऊन झाली, मंडळीनं 'आमेन'ही म्हटलं. आता पहाटेच्या गजराकडे वळा. एकदम बंद करू नका, मन खातं. पाचचा साडेपाच करा, मग सहा. पंधरा दिवसांत 'प्रवासात बसल्या बसल्या होतेच की प्रार्थना' इथपर्यंत आपोआप याल. प्रार्थनेच्या वहीत त्या विनंतीपुढे ठसठशीत बरोबरची खूण करा आणि वही मिटा. समोरचं आभाराचं पान कोरं राहिलं तरी बिघडत नाही. येशूनं दहा कुष्ठरोगी शुद्ध केले, त्यांतले नऊ परत फिरकले नाहीत. बहुमत तुमच्या बाजूनं आहे.

मग देवानं दिलेली आत्मिक शस्त्रसामग्री उतरवायला घ्या. पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात कमरबंद, छातीवरचं उरस्त्राण, पायतण, ढाल, शिरस्त्राण आणि तलवार अशी यादी आहे. सगळं एकदम काढायची गरज नाही, कमरेचा पट्टा तेवढा सैल करा. तो सत्याचा. सैल करायची उत्तम जागा म्हणजे तुमची साक्षच. तीन दिवसांचा उपास दुसऱ्यांदा सांगताना पाच दिवसांचा होऊ द्या, तिसऱ्यांदा सातचा. डॉक्टर 'काळजी घ्या' म्हणाले होते, त्याचं 'डॉक्टरांनी हात टेकले' करा. देवाच्याच गौरवासाठी आहे, कोण हरकत घेणार? चौथ्या खेपेला गोष्टीत देव कमी आणि तुमचा विश्वास जास्त दिसू लागला की समजा, उरस्त्राणाचे बंदही सुटले. सगळं केल्यावरही उभेच राहा, असं पौल त्याच अध्यायात म्हणतो खरा; पण तो तेव्हा बेड्यांत होता. बेड्यांतल्या माणसाला आशीर्वादाच्या दिवसांतलं काय कळणार? तुम्ही बसा.

नवं काम हाती घेताना मात्र इस्राएलांचा पुढारी यहोशवा याचा कित्ता गिरवा. यरीहो नगराचा नव्हे, आय या छोट्या गावाचा. यरीहो जिंकायला केवढा तो व्याप! सहा दिवस रोज एक फेरी, सातव्या दिवशी सात, म्हणजे एकूण तेरा. पुढे देवाच्या कराराचा कोश, सात याजक, सात कर्णे आणि सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आयचं काम किती सुटसुटीत! हेर गेले, पाहून आले, म्हणाले, सगळ्या लोकांना कशाला दमवता, दोन-तीन हजार पुरेत, तिथं माणसं थोडी आहेत. हिशेबात चूक काढायला जागाच नाही. आधी देवाला विचारल्याची नोंद त्या उताऱ्यात कुठे नाही, विचारायचं सुचण्यासारखं गाव मुळी नव्हतंच ते. तीन हजार गेले, पाठ दाखवून पळाले, 36 जण उतारावर मारले गेले. तेव्हा तुम्हीही मोठ्या संकटात उपास-प्रार्थना करा आणि किरकोळ बाबी अनुभवावर सोडा. पगारवाढीचं काय करायचं, कुणाबरोबर भागीदारी करायची, कुणाला कुठलं वचन द्यायचं... असल्या बाबी. त्या आयएवढ्याच असतात.

थकवा आला तर तो आत्मिक दुबळेपणा समजून स्वतःला झोडपा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या 450 संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहिलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीचा एक निरोप आल्याबरोबर रानात पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूतानं प्रवचन दिलं नाही, भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं दिलं. तो खाऊन झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. होरेब डोंगरावरचा देवाशी संवाद त्यानंतर 40 दिवसांनी. इतका वेळ कुणाकडे आहे? तुम्ही जेवण टाळा, जागरणं करा, एक सभा आटोपली की दुसरी लावा आणि मग घरच्यांवर ओरडलात तर तो सैतानाचा हल्ला होता असं सांगा.

मिळालेलं दाखवायलाही विसरू नका. यहूदाचा राजा हिज्कीया याचं आयुष्य 15 वर्षांनी वाढलं आणि बाबेलहून विचारपूस करायला माणसं आली. त्यानं रुपं, सोनं, मसाले, सुगंधी तेल, शस्त्रागार सगळं दाखवलं. दाखवलं नाही असं काहीच उरलं नाही. पुढे ते बाबेलला कसं गेलं तो भाग सोडून द्या, तो त्याच्या वंशजांच्या वाट्याला आला.

एवढं करूनही घसरण झालीच तर घाबरू नका, खापर फोडायला जागा भरपूर आहेत. मशीन बंद पडलं, सैतान. मुलाला ताप आला, सैतान. मंडळीतल्या कुणी चार शब्द सुनावले, मग तर नक्कीच सैतान. त्याला घराबाहेर हाकला, दारंखिडक्यांवर तेल लावा, मध्यस्थीच्या गटाला निरोप धाडा, सगळ्यांना रात्रभर जागवा. आयहून पळून आल्यावर यहोशवाही कोशापुढे संध्याकाळपर्यंत पालथा पडून होता. त्याला उत्तर काय मिळालं? ऊठ, असा पालथा का पडलास? पण तो आज्ञाधारक माणूस, उठला आणि वंश, कूळ, घराणं, माणूस असं एकेक पुढे बोलावत तपास करत, लूट तंबूत पुरून ठेवणाऱ्या आखानापर्यंत गेला. तुम्ही त्या भानगडीत पडू नका. पालथेच पडून राहा. प्रार्थना हव्या तेवढ्या मोठ्यानं करा, फक्त स्वतःच्या तंबूतली जमीन उकरू नका. तिथे शिनारी झगा आहे, 50 शेकेल वजनाची सोन्याची वीट आहे, आणि 200 शेकेल रुपं सगळ्यांत खाली.