‘पाळी येईपर्यंत काळजी नको’ हा सल्ला घातक आहे

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या महिला गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. एकदा गर्भपात केला की पुढे मूल होत नाही. पहिली पाळी येईपर्यंत दिवस राहूच शकत नाहीत, म्हणून तोवर कोणतेही साधन वापरण्याची गरज नाही. गर्भपातानंतर तांबी बसवली तर पिशवी सडते. नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात बेकायदेशीर ठरतो. आणि पिशवी शुद्ध होण्यासाठी महिनाभर काढा घ्यावा, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. लिहिणाऱ्याचे नाव नाही, कोणत्याही डॉक्टरचा हवाला नाही. कोपरखैरण्याला राहणाऱ्या माझ्या भाचीने गर्भपाताच्या गोळ्या घेतल्यानंतर काही दिवसांतच तिच्या चुलत सासूबाईंनी तिला हा संदेश पाठवला आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या बंद करू का, असे तिने मला विचारले. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

सर्वांत घातक दावा दुसरा, म्हणजे पाळी येईपर्यंत दिवस राहत नाहीत हा आहे. पाळी ही स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते, आधी नव्हे. त्यामुळे जी स्त्री पाळीची वाट पाहत थांबते, तिचा धोक्याचा काळ पाळी येण्यापूर्वीच येऊन गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या गर्भपातविषयक मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की गर्भपातानंतर अवघ्या 8 ते 10 दिवसांत स्त्रीबीज पुन्हा बाहेर पडू शकते आणि बहुधा महिनाभरात ते पडतेच. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते हे लक्षात घेतले, तर पहिल्या आठवड्यातल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. शिवाय गर्भपातानंतर लघवीची घरगुती चाचणी काही आठवडे पॉझिटिव्हच दिसू शकते, त्यामुळे नवा गर्भ राहिला आहे हे पटकन कळतही नाही. ज्या मुलीने नुकताच हा सगळा त्रास सोसला आहे, तिला पुन्हा त्याच दारात उभे करणारा हा सल्ला काळजीच्या सुरात दिला जातो, याचा मला विशेष संताप येतो. त्याच मार्गदर्शिकेनुसार गर्भनिरोधक गोळ्या गर्भपाताची पहिली गोळी घेतली त्या दिवसापासूनही सुरू करता येतात, आणि निरोध तर संबंध सुरू होतील तेव्हापासून लगेच वापरायचा असतो. भाचीच्या डॉक्टरांनी तिला नेमके हेच सांगितले होते.

पुढे मूल होत नाही, हा दावा घाबरवणारा आहे. मात्र त्यात अर्धसत्य आहे, हे मान्य करावे लागते. अप्रशिक्षित हातांनी केलेल्या गर्भपातातून जंतुसंसर्ग झाला तर गर्भनलिका बंद होऊ शकतात, आणि क्युरेट या धारदार अवजाराने पिशवी वारंवार खरवडली तर आतल्या अस्तरावर व्रण राहू शकतात. म्हणूनच खरवडण्याऐवजी गोळ्या किंवा व्हॅक्यूम (नळीने शोषून काढण्याची) पद्धत वापरावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. योग्य ठिकाणी, योग्य पद्धतीने केलेल्या गर्भपाताने स्त्रीची मूल होण्याची क्षमता जात नाही. दुसरे म्हणजे, अंतरा हे तीन महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हा उशीर इंजेक्शनमुळे होतो आणि तो तात्पुरता असतो. त्याचे खापर गर्भपातावर फोडू नये. लवकरच मूल हवे असेल, तर साधन निवडताना डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

तांबीने पिशवी सडत नाही. व्हॅक्यूम पद्धतीने गर्भपात झाल्यास, संसर्ग नसेल तर ती त्याच वेळी बसवता येते. गोळ्या घेतल्या असतील, तर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर. 380ए प्रकारची तांबी दहा वर्षे चालते, आणि ती काढल्यावर पूर्वीसारखे दिवस राहू शकतात. तांबी, अंतरा, आठवड्याची छाया गोळी आणि निरोध ही सर्व साधने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात मोफत आहेत.

नवऱ्याच्या सहीबद्दल एवढेच, की 1971 च्या गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, मानसिक आजार नसलेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे.

राहिला काढा. गर्भपातानंतर पिशवी आपोआप पूर्ववत होते, तिला शुद्धीची गरज नसते. काढ्यावर विसंबून खरी लक्षणे अंगावर काढली जातात, हे त्याचे मोठे नुकसान आहे. लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, ताप उतरत नसेल, दुर्गंधीयुक्त स्राव होत असेल किंवा पोटातली कळ वाढतच असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि गर्भपात कधी व कोणत्या पद्धतीने झाला हे तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगावे.